मूलमधील चहाचे प्रहर

परक्या शहराची ओळख तिथल्या चहा-कॉफीच्या दुकानांतून करून घेण्याची रीत मोठ्या शहरांनी घडवली आणि तिचा हिशेब जागेचा आहे. मुंबईतले 1904 सालचे कयानी, पुण्याच्या डेक्कन भागातले 1935 पासूनचे गुडलक, नागपूरच्या सदरमधले इंडियन कॉफी हाऊस अशी ठिकाणे पाहुणा एकामागून एक पालथी घालतो आणि प्रत्येक ठिकाणी त्या त्या वस्तीचा थोडा स्वभाव त्याच्या हाती लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल या तालुक्याच्या गावी ही रीत अपुरी पडते. इथे चार दुकाने पाहिली की पाचव्यात फारसे नवे काही दिसत नाही. तेच लाकडी बाकडे, तीच भट्टी, आलूबोंड्यावर ओतली जाणारी तीच तर्री, आणि शेजारी पानठेला. मूल समजून घ्यायचे तर दुकान बदलून भागत नाही, वेळ बदलावी लागते. एकाच बाकड्यावर पहाटे, भर दुपारी, रोवणीच्या दिवसांत आणि धान निघाल्यावर बसणाऱ्याला जे गाव भेटते, ते एका दिवसात दहा दुकाने फिरणाऱ्याला भेटत नाही.

याचे कारण मूलच्या भूगोलात आहे. चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 930 या गावातून जातो, उत्तरेकडून सिंदेवाहीचा रस्ता इथेच येऊन मिळतो, आणि गोंदिया ते बल्लारशा या लोहमार्गावरचे मूल-मारोडा हे स्थानक गावालगत आहे. त्यामुळे मूलमध्ये उतरणाऱ्यांपैकी अनेकांना पुढे कुठेतरी जायचे असते. ज्यांना मूललाच यायचे असते त्यांचे काम तहसील कार्यालयात, न्यायालयात, बँकेत किंवा राईस मिलमध्ये असते, आणि काम झाले की ते आपल्या खेड्याकडे परततात. अशा गावातले ‘हॉटेल’ (पूर्व विदर्भात या शब्दाने मुक्कामाची सोय कमी आणि चहा-नाश्त्याचे दुकान अधिक ओळखले जाते) थांबलेल्या माणसांवर चालते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी 1989 साली ‘तिसरी जागा’ ही संकल्पना मांडली. घर ही माणसाची पहिली जागा, कामाचे ठिकाण ही दुसरी, आणि जिथे दर्जाचा विचार न करता माणसे गप्पांसाठी जमतात ते उपाहारगृह, केशकर्तनालय किंवा पुस्तकांचे दुकान ही तिसरी, असा तिचा ढोबळ अर्थ. या विवेचनात नेहमीच्या गिऱ्हाइकाला मोठे स्थान आहे, कारण जागेला तिचा सूर तोच देतो आणि नवख्याला सामावूनही तोच घेतो. मूललाही नेहमीची माणसे आहेत: ऑटोवाले, अर्ज लिहून देणारे, धानाचे दलाल, निवृत्त शिक्षक. तरीही बाकड्यांवरची बरीच गर्दी त्यांची नसते. सातबाऱ्यासाठी, जातीच्या दाखल्यासाठी, 2006 च्या कायद्याखालील वनहक्काच्या दाव्यासाठी आलेला माणूस ‘साहेब मीटिंगला गेले’ हे ऐकून बाहेर येतो आणि अर्धा कप चहा सांगून बसतो. त्याचे बसणे ही हौस नाही. सरकारी कचेरीने त्याच्यासाठी जी बसण्याची खोली बांधली नाही, ती खोली हॉटेलवाला त्याला चहाच्या किमतीत देतो, आणि दुसरा कप न मागताही तासभर बसू देतो. या औदार्याची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही, पण मूलच्या सार्वजनिक जीवनाचा फार मोठा भार त्यावर उभा आहे.

हे औदार्य परवडते, याला चहाच्या उद्योगाचा इतिहासही कारण आहे. भारतीयांना चहाची सवय लावण्याचे प्रयत्न 1903 च्या चहा उपकर कायद्यानंतर संघटितपणे सुरू झाले, पण चहा गरिबाच्या आवाक्यात आला तो मुख्यतः सीटीसी पद्धतीमुळे. या पद्धतीत पान यंत्राच्या दातेरी रुळांमधून चुरडून, फाडून, वळवून त्याचे बारीक दाणे केले जातात. 1930 च्या दशकात आसामात विकसित झालेल्या या पद्धतीचा चहा दूध-साखरेत उकळला तरी आपला कडकपणा सोडत नाही आणि थोड्या भुकटीत पुष्कळ कप देतो. म्हणून रुपया-दोन रुपयांचा हिशेब करणाऱ्या माणसालाही बसायला जागा विकत घेता येते.

प्रहरांप्रमाणे ऋतूही या बाकड्यांवर वाचता येतात. पावसाळ्यात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, रोवण्याइतके मोठे झाले की रोवणीच्या मजुरीचे दर आणि माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांतले पाणी हे बोलण्याचे विषय असतात. दिवाळीनंतर धान निघते, मिलच्या वाटेवर ट्रॅक्टर उभे राहतात आणि बोलणे वाण, ओलावा व भाव यांकडे वळते. आज देशभर विकला जाणारा एचएमटी हा तांदूळ याच जिल्ह्यातल्या, नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने निवडीतून तयार केला. आपल्या बांधीतल्या काही वेगळ्या लोंब्या त्यांनी 1983 मध्ये हेरल्या आणि पुढची काही वर्षे त्या जपून वाढवल्या. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव वाणाला मिळाले, आणि ते बियाणे प्रसिद्धीशिवाय एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे पसरत गेले. शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांना सांगितलेल्या गोष्टीचे बळ किती असते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही. धानाच्या मुलखात माणसे जिथे एकमेकांना थांबलेली सापडतात, ती ठिकाणे म्हणूनच क्षुल्लक मानता येत नाहीत.

धान घरात आले की झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम येतो. झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतला जंगल आणि धानाचा प्रदेश. त्याच्या नाटकमंडळ्यांचे मुख्य केंद्र देसाईगंज, म्हणजे वडसा, हे आहे. मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर प्रयोग होतात. या दिवसांत हॉटेलांच्या भिंती नाटकांच्या रंगीत पत्रकांनी भरतात, आणि कुठल्या गावात कोणते नाटक, हे एसटीच्या वेळापत्रकाइतक्याच खात्रीने तिथे कळते. सकाळी डोळ्यांवर झोप असलेली माणसे चहा घेताना रात्रीच्या खलनायकाच्या संवादफेकीची चिकित्सा करतात, तेव्हा आपण नाट्यसमीक्षाच ऐकत आहोत, हे पाहुण्याने ओळखावे.

मात्र या बाकड्यांवर कोण बसू शकतो हा प्रश्न टाळून मूलचे कौतुक करणे अप्रामाणिक ठरेल. दलितांसाठी वेगळा कप, बाहेरची जागा, वरून ओतलेले पाणी, या गोष्टी या देशातल्या हॉटेलांच्या इतिहासात खऱ्या आहेत. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेशाचा हक्क राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात मुद्दाम नाव घेऊन लिहावा लागला, आणि 1955 साली अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. या जिल्ह्यातल्या ज्या समाजाने ती घेतली, त्याच्यासाठी हॉटेलात सर्वांबरोबर बसून त्याच कपाने चहा पिणे ही झगडून मिळवलेली गोष्ट होती. ज्या मोकळेपणाने पाहुणा आज कुणाच्याही शेजारी बसतो, तो मोकळेपणा त्याच्या आधी इतरांनी किंमत मोजून तयार केलेला आहे.

स्त्रियांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली लागू झालेल्या आणि 2021 मध्ये उठवलेल्या दारूबंदीसाठी याच परिसरातल्या खेड्यांतल्या बायका रस्त्यावर उतरल्या, मोर्चे घेऊन दूरवर चालत गेल्या. पण त्याच बायका तालुक्याला आल्या की बहुधा झाडाखाली किंवा बसस्थानकाच्या ओट्यावर थांबतात आणि चहा तिथे मागवून घेतात. सार्वजनिक आंदोलनात जागा मिळवणे शक्य झाले, रिकामे बसण्याची जागा मिळवणे अधिक अवघड ठरले. पानठेल्यावर घोटला जाणारा खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण, या पुरुषी बैठकीचा सोबती आहे आणि तोंडाच्या कर्करोगाचाही.

आता या भागात येणारे बहुतेक पाहुणे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातल्या वाघासाठी येतात. त्यांच्यातला एखादा मूलच्या हॉटेलात थांबला, तर वाघाचा विषय तिथेही निघालेला त्याला आढळेल, पण वेगळ्या सुरात. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या तालुक्यांत वाघाच्या हल्ल्यांत माणसे मरतात. चैत्रात भल्या पहाटे मोहफुले वेचायला आणि पुढे तेंदूपत्ता तोडायला लोक जंगलात जातात. वाकून किंवा बसून काम करणारा माणूस झुडपाआडच्या वाघाला सहज सापडतो. जिप्सीत बसलेला पाहुणा ज्या दर्शनासाठी पैसे भरतो, ते घडू नये म्हणून शेजारच्या बाकड्यावरचा माणूस पाच जणांच्या सोबतीशिवाय रानात पाऊल टाकत नाही. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसाचा दाखला अशी कागदांची चळत पिशवीत घेऊन नुकसानभरपाईसाठी आलेले कुटुंब कचेरी उघडण्याची वाट पाहते, तेही अशाच एखाद्या हॉटेलात. अशा वेळी पाहुण्याने वाघ कुठे दिसतो हे विचारू नये. अर्ज वाचून दाखवायला किंवा भरून द्यायला कुणी हवे आहे का, एवढे विचारले तर त्याला बाकड्यावर सरकून जागा मिळेल.