रूळ रुंद होताना

पुण्यातली गाडीबदली. १९७१ पर्यंत कोल्हापूर मीटरगेजवर होतं. मुंबईला निघालेला माणूस पुण्यात उतरायचा, होल्डॉल हमालाच्या डोक्यावर द्यायचा आणि फलाट बदलून ब्रॉडगेजची गाडी धरायचा. मग रूळ रुंद झाले, महालक्ष्मी एक्सप्रेस थेट मुंबईला जाऊ लागली. गाडीबदली गेली, पाठोपाठ होल्डॉलही गेला.

मिरजेचे तीन गेज. पुणे-कोल्हापूरकडचे रूळ १,६७६ मिलिमीटरचे, बेळगाव-लोंढ्याकडचे १,००० चे आणि पंढरपूरकडचे ७६२ चे. १९७१ पासून नव्वदच्या दशकापर्यंत ही तिन्ही मापं एकाच स्थानकात नांदत होती. एका मापाचा डबा दुसऱ्या मापावर चालत नाही, म्हणजे माल उतरवायचा आणि पुन्हा भरायचा. हमाल पोत्याला आकडा लावायचा, पोतं पाठीवर घ्यायचा, फळीवरून पलीकडच्या डब्यात शिरायचा. गेज एक झाल्यावर माल विनाखोळंबा पुढे जाऊ लागला, भाडं वाचलं, नासधूस थांबली. त्या पाठींना मात्र दुसरं काम शोधावं लागलं. गेजबदलाच्या खर्चात हा आकडा कुणी धरला असेल असं मला वाटत नाही.

बार्शी लाईट. ही खरी आपली ‘हलकी रेल्वे’. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, अशी ती सुरू केली. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, हा त्याचा नियम. इंजिन असो की मालडबा, भार सगळ्या आसांवर सारखा वाटायचा. त्यामुळे हलके रूळ पुरायचे आणि कोरडवाहू मुलखालाही रेल्वे परवडायची. पुढे ही लाईन पंढरपूरला गेली, दुसरीकडे लातूरला गेली आणि १९२७ मध्ये पंढरपुराहून मिरजेपर्यंत आली. त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. त्यानं इंग्लंडात उभारलेली याच मापाची लीक-मॅनिफोल्ड लाईन १९३४ मध्ये बंद पडली. आपल्याकडची गाडी त्यानंतरही सत्तर वर्षांहून अधिक काळ चालली.

कोल्हापूरच्या माळकऱ्याला मिरज-पंढरपूर या वाढीव फाट्यानं विठोबा जवळ आणला. मिरजेला उतरायचं, बोचकं उचलायचं, छोट्या गाडीत जागा धरायची. मग आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला. चढावर माणसं उतरून गाडीबरोबर चालायची, असं म्हातारी माणसं सांगतात. आता तो मार्ग ब्रॉडगेज आहे आणि कोल्हापुराहून गाडी सरळ पंढरपुरावरून जाते. सोय मोठी झाली. पण मिरजेच्या फलाटावर बेळगावकडचे, कोल्हापूरकडचे आणि माणदेशातले वारकरी एकमेकांच्या भाकरी सोडून बसायचे, ते बसणं गाडी चुकण्याच्या आणि वाट बघण्याच्या जिवावर उभं होतं.

पुठ्ठ्याचं तिकीट. दोन बोटांत मावणारं, जाड, कडा करकरीत. बाबू खणातून ते ओढायचा, लोखंडी यंत्राच्या फटीत सारायचा. खट्ट आवाज व्हायचा आणि तारीख उमटायची. पोराचं अर्धं तिकीट असलं की त्याच तिकिटाचा कोपरा कापून द्यायचे. प्रत्येक गावाच्या तिकिटाला वेगळा खण. हातकणंगल्याचा खण, रुकडीचा खण, जयसिंगपूरचा खण. कुठलं गाव किती जातं-येतं ते खिडकीतून डोकावूनही कळायचं.

टोकनचा गोळा. एकेरी मार्गावर समोरून दुसरी गाडी येणार नाही याची ती खात्री. यंत्रातून निघालेला लोखंडी गोळा चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. न थांबणारी गाडी आली की फलाटावरचा माणूस कडं उंच धरायचा आणि ड्रायव्हरचा सहायक धावत्या इंजिनातून हात घालून ते खांद्यावर झेलायचा. तो गोळा हातात आल्याशिवाय पुढच्या स्टेशनाकडे जायची मुभा नव्हती. शेकडो जीव एका गोळ्याच्या भरवशावर असायचे आणि तो भरवसा माणसं हातोहात पोचवायची. आता ते काम दिवे आणि तारा करतात, अधिक नेमकं करतात.

क्रॉसिंग. पुणे-मिरज दुहेरी होत आलं तशी ही चीज विरत चालली. समोरची गाडी जाईपर्यंत आदर्की, ताकारी, नांद्रे अशा ठिकाणी गाडी उभी राहायची. “क्रॉसिंग हाय,” एवढं कुणीतरी म्हटलं की लोक खाली उतरायचे, बाटल्या भरायचे, शेजारच्या डब्यातला पाव्हणा शोधून यायचे. उशीर व्हायचा, शिव्या पडायच्या, मीही घातल्यात. तरी त्या गावांची नावं मला पाठ आहेत ती तिथं थांबल्यामुळे. वंदे भारतमधून ती वाचताही येत नाहीत.

वळिवड्याची पोलिश वसाहत. सोव्हिएत छावण्यांतून सुटलेली सुमारे ५ हजार पोलिश माणसं, त्यांत बहुतेक बाया आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या या गावात राहिली. शाळा, चर्च, दुकानं, सगळं त्यांनी उभं केलं. वळिवडे स्टेशनातून ती आली आणि गेली. पॅसेंजर तिथं थांबते तेव्हा मी आजही बाहेर बघतो.

गुळाची मालगाडी. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती रेल्वेच्या कडेला, आणि गूळ हा तिचा जीव. १८८८ मध्ये सुरू झालेलं मिरज-कोल्हापूर रेल्वेचं काम १८९१ मध्ये पुरं झालं होतं. पेठेला बाजारपेठ मिळाली ती त्या रुळांमुळे. आता रवे ट्रकनं जातात. गूळ मार्केट नावाचं स्टेशन तेवढं राहिलं.

आणि एक गोष्ट, जी अजून गेलेली नाही. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन आहे. रात्रीच्या गाडीत आम्ही बिनघोर झोपतो, कारण पुढे गाव चुकायला रूळच नाहीत. कोल्हापूर-वैभववाडी हा १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. तो झाला तर सह्याद्री उतरून गाडी कोकण रेल्वेला मिळेल. घाटावरची साखर-गूळ बंदराकडे जाईल, तळकोकणातला रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात लवकर पोचेल. तो व्हायलाच हवा, आणि लवकर व्हायला हवा. गाडी पुढे जाऊ लागली की आम्हाला कोल्हापूर यायच्या आधी जागं राहावं लागेल. राहू.