चौसष्टच्या आधीची

विंचेस्टरची मॉडेल 94 रायफल बघायला गेलात, तर पेनसिल्व्हेनियातला जुना दुकानदार किमतीच्या आधी एकच गोष्ट विचारतो: चौसष्टच्या आधीची पाहिजे, की नंतरची चालेल? 1964 साली न्यू हेवनच्या कारखान्यात खर्च वाचवायला म्हणून बरेच बदल झाले. पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून निघणारे काही भाग प्रेसवर पत्र्यातून निघू लागले, भरीव पिनांच्या जागी पोकळ पिना आल्या. रिसीव्हरसाठी, म्हणजे यंत्रणेच्या कवचासाठी, तर असं पोलाद घेतलं, की त्याच्यावर नेहमीचं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा तो निळा-काळा थर, धरेना. गोळी जायची तिथेच जात होती. पण लिव्हर खाली ओढली की काडतूस उचलणारी पत्र्याची पट्टी खुळखुळायची, आणि गिऱ्हाइकाच्या हाताला ते लगेच कळलं.

मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आप्पांचं लेथ-मिलिंगचं छोटं वर्कशॉप होतं. मिलिंगचा जॉब कोणता आणि प्रेसचा कोणता, हे मी शाळकरी वयातच बोट फिरवून सांगायचो. शिकारीचं वेड आमच्या घरात कुणाला नव्हतं. मी या नादाला लागलो तो यंत्रकामाच्या बाजूने.

अमेरिकेत एच-वन व्हिसावर असेपर्यंत मात्र लांबच राहिलो. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला इथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. शिकारीचा परवाना काढला तर सूट आहे, पण तोवर आपलीच नोकरी कुठे टिकतेय याचा भरवसा नव्हता. ग्रीन कार्ड आल्यावर पिट्सबर्गबाहेरच्या एका दुकानात 4473 नंबरचा फॉर्म भरला. दुकानदाराने राज्य पोलिसांकडे चौकशी लावली आणि चहा उकळायला लागतो तेवढ्यात होकार आला. मी घेतलेली 94 पन्नासच्या दशकातली होती, .30-30 काडतुसाची. हे काडतूस 1895 चं, धूर न होणाऱ्या दारूवर चालणारं अमेरिकेतलं पहिलं शिकारीचं काडतूस. मूळ रचना युटातल्या ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंगची. सत्तर लाखांहून जास्त 94 बनल्या, त्यामुळे ही रायफल दुर्मीळ मुळीच नाही. चांगली राहिलेली दुर्मीळ आहे.

चांगली म्हणजे काय, तर आधी स्क्रू बघायचे. त्यांच्या चिरा झिजलेल्या, कडा उचकटलेल्या दिसल्या, की घरातल्या पान्या-पेचकसाने कुणीतरी आत हात घातलाय असं समजायचं. मग नळीवरचा शिक्का. अक्षरांच्या कडा बोटाला टोचल्या पाहिजेत. त्या गोलसर लागल्या आणि स्क्रूच्या भोकाभोवती धातू किंचित खोलगट झालेला दिसला, तर रायफल बफिंग करून पुन्हा काळी केलेली आहे, मग ती कितीही चकाचक दिसो. दस्ता रिसीव्हरला जिथे बसतो तिथे बारीक तडा शोधायचा. नळीत उजेड टाकून आटे बघायचे, आणि नळीच्या तोंडाशी ते जास्त झिजलेत का हेही. कारण या रायफलींची नळी साफ करताना सळई बहुधा तोंडाकडूनच घालतात. रिसीव्हरच्या पोटाखाली, हातात धरून चालताना जिथे तोल सापडतो तिथे, निळाई जाऊन करडं पोलाद उघडं पडलेलं असलं तर मला आनंदच होतो. तशी झीज खोटी करणं अवघड असतं.

आप्पांना हे पटलं नसतं. गंज दिसला की पॉलिश पेपर घ्यायचा, हा त्यांचा खाक्या. उद्यमनगरात तोच बरोबर होता, कारण तिथे मशीनला उद्या काम करायचं असायचं. इथे मात्र नव्याने ब्लूइंग केलं की जुन्या रायफलीची संग्राहकाकडची किंमत निम्म्यावर येऊ शकते.

याचा सगळ्यात मोठा धडा मला नेवाडातल्या एका रायफलीने दिला. नोव्हेंबर 2014 मध्ये ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली विंचेस्टर 1873 सापडली. दस्त्याचं टोक मातीत गेलेलं, लाकूड राखाडी होऊन भेगाळलेलं. नंबरावरून ती 1882 ची निघाली. वायोमिंगमधल्या कोडी इथल्या बंदूक संग्रहालयात विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत. त्यांत तिची नोंद सापडली, पण ती कुणाला विकली हे काही सापडलं नाही. संग्रहालयाने लाकूड आणखी निसटू नये एवढीच व्यवस्था केली. तेल नाही, पॉलिश नाही. एक्स-रे काढला तेव्हा दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस निघालं. एखाद्या हौशी माणसाने ती घरी नेऊन चकचकीत केली असती, तर आज ती हजारोंतली एक जुनी बंदूक झाली असती.

कोडीच्या त्याच वह्यांवरून आपल्या रायफलीचं पत्र मागवता येतं, फी भरून. माझी 94 त्या वह्यांमध्ये बसत नाही, त्या नोंदी फार आधीच्या नंबरांपर्यंतच आहेत. बनण्याच्या वर्षाला इथे फार महत्त्व आहे, कारण 1898 अखेरपर्यंत बनलेली बंदूक केंद्रीय कायद्याने प्राचीन वस्तू ठरते, तिला फॉर्म लागत नाही. त्याच यंत्रांवर, त्याच कारागिरांनी आठवडाभराने, जानेवारी 1899 मध्ये बनवलेली मात्र पूर्ण बंदूक. नंबर थोडा अलीकडचा निघाला की विकणाऱ्याचा चेहरा पडतो.

नव्या रायफलींना नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांतला नाही. जपानातल्या कोची प्रांतात मिरोकूच्या कारखान्यात आजची विंचेस्टर 1873 बनते. लाकूड आणि धातू यांच्या सांध्यात नखही जाणार नाही इतकं नेटकं काम. काउबॉयची रायफल जपानी हातांनी बनावी याचं इथल्या काहींना दुःख आहे. मला वाटतं, न्यू हेवनला शेवटच्या काळात जे जमत नव्हतं ते तिथे जमतंय, यावर तक्रार काय करायची? न्यू हेवनचा कारखाना 2006 मध्ये बंद झाला. लिव्हर रायफली बनवणाऱ्या दुसऱ्या जुन्या कंपनीचं, मार्लिनचं, कर्म वेगळं. 2007 मध्ये ती रेमिंग्टनने घेतली, काम कनेक्टिकटमधून हललं, जुनी माणसं मागे राहिली आणि दर्जा घसरल्याची ओरड झाली. 2020 च्या दिवाळखोरीत ती रुगरने विकत घेतली आणि उत्तर कॅरोलायनात नव्याने सुरू केली. 2023 मध्ये बाजारात परत आलेली त्यांची 336 माझ्याकडे आहे. लिव्हर खालीवर करताना कुठे अडत नाही.

तरी नवख्या माणसाने विचारलं तर मी ग्लेनफील्ड घ्यायला सांगतो. मार्लिनने मोठ्या दुकानांसाठी काढलेलं ते स्वस्त नाव. अक्रोडाऐवजी बर्चचा दस्ता, वर ठोकून उठवलेली नक्षी, आतली यंत्रणा मात्र 336 चीच. दाखवायला दिमाख कमी, म्हणून भाव कमी. खारीचं चित्र ठोकलेला एक दस्ता तर इतका कुरूप आहे, की तो मला आवडायला लागलाय.

रेंजवर गेलं की एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. या रायफलींची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपलेली असतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकतं. म्हणून साधी टोकदार गोळी चालत नाही, चपट्या नाकाची लागते. अलीकडे मऊ रबरी टोकाच्याही मिळतात. दीडशे यार्डांच्या पुढे .30-30 गोळी वेगाने खाली यायला लागते. पण पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात तेवढं लांबचं दिसतंच कुठे? हरणासाठी इथे सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, त्यामुळे माझ्या शेजाऱ्यांच्या घरी लिव्हरची रायफल शोभेची झालेली नाही. नोव्हेंबर संपता संपता ती अजून कपाटाबाहेर निघते.

लाकूड-पितळ बघून माणसं हळवी होतात आणि या रायफली जणू निरुपद्रवी असल्यासारखं बोलतात. 1860 ची हेन्री एका भरण्यात सोळा बार काढायची, आणि त्या काळी तीच सगळ्यात भयानक गोष्ट होती. 1876 मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या अमेरिकी शिपायांकडे एकबारी स्प्रिंगफील्ड कार्बाइन होत्या. समोरच्या लाकोटा आणि शायेन योद्ध्यांतल्या अनेकांकडे हेन्री आणि विंचेस्टर. 1983 च्या वणव्यानंतर तिथे झालेल्या उत्खननात त्यांच्या पुंगळ्या सापडल्या. 1877 मध्ये प्लेव्हनाला तुर्कांनी 1866 च्या विंचेस्टरनी रशियन हल्ले कापून काढले. 2018 च्या ऑक्टोबरात आमच्या पिट्सबर्गच्या स्क्विरल हिलमध्ये, प्रार्थनेला जमलेल्या अकरा ज्यूंना एका माणसाने गोळ्या घातल्या. त्यानंतर काही महिने मी दुकानात गेलो नाही. ती हत्यारं वेगळी होती असं सांगून सुटका करून घेणं मला जमलं नाही, आजही जमत नाही. सगळ्या रायफली पोलादी तिजोरीत असतात. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात.

आईला मोजदाद कळली तेव्हा ती फोनवर म्हणाली, "अरे, खंडेनवमीला पुजायला एक पुरे की! एवढ्या कशाला?" भारतात तसंही 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला दोनच्या वर बाळगता येत नाहीत, त्यामुळे तिचा हिशेब कायद्याला धरूनच होता. खंडेनवमीला आप्पांच्या लेथला हार असायचा, तसं इथे बायको तिजोरीसमोर झेंडूची फुलं ठेवते. कुंकू मात्र मी लावू देत नाही. ती म्हणते, "देवाच्या वर तुमचं ब्लूइंग." असेल.

सध्या सॅव्हेज 99 च्या मागे आहे, .300 सॅव्हेजमधली. आर्थर सॅव्हेज हा जमैकात जन्मलेला माणूस. त्याने बाहेर दिसणारा घोडाच काढून टाकला, आणि नळीखालच्या मॅगझिनऐवजी आत फिरती चकती बसवली. त्यामुळे टोकदार गोळीही चालते. डाव्या बाजूला छोट्या खिडकीतून पितळी आकडा दिसतो, आत किती काडतुसं उरलीत ते सांगणारा. ओहायोतल्या एका म्हाताऱ्याकडे तिची जुनी प्रत आहे, आकडा नीट चालतो, निळाई छान. पण दुर्बीण बसवायला कुणीतरी माथ्यावर हाताने चार भोकं पाडलीत, त्यांतली दोन तिरकी. तो म्हणतो, भोकं तर दुर्बिणीखाली झाकली जातात. मी त्याला कळवलंय की भोकं न पाडलेल्या रायफलीचा भाव मी देणार नाही. दोनशे डॉलर उतरव, मग बोलू. त्याचा फोन अजून यायचाय.