ओट्यामागच्या टाइल्स

गेल्या वर्षी आमचं सांगलीचं जुनं घर पाडलं. सासूबाईंनी दुसरं काही मागितलं नाही. ओट्यामागच्या निळ्या फुलांच्या टाइल्स तेवढ्या काढून आणा, म्हणाल्या. गवंड्याने छिन्नीने सोडवल्या, त्यातल्या सहाच धड निघाल्या. चार इंची, जुन्या मापाच्या. "यांचं आता करायचं काय?" हे म्हणाले. मी चहाच्या कपाखाली ठेवायला कोस्टर केले.

पाठीचं सिमेंट भिजवून विटेच्या तुकड्याने घासलं, धारदार कडा काचकागदाने मोडल्या. टाइलच्या पाठीला झिलई नसते, ती पाणी पिते. म्हणून दोन दिवस उन्हात वाळवून मगच जुन्या ब्लँकेटचे चौकोन चिकटवले. नाहीतर टेबलाचं पॉलिश गेलंच म्हणून समजा! पांढरा फेव्हिकॉल ओलाव्याने सुटतो, चपलेचा रबरी गोंद बरा.

मैत्रिणींनो, साध्या टाइल्सवर नक्षी काढायची तर कोपऱ्यांतच काढा. ऑइलपेंटने कुयरी, एखादी वेल. मधली जागा कोरी. कागदी चित्रं चिकटवून वर व्हार्निश द्यायची टूम मला मुळीच पसंत नाही. गरम कपाने ते चिकट होतं आणि कपाबरोबर चित्रही उचलून येतं.

फ्लॅटवर आल्यापासून सासूबाई फारशा बोलत नसत. परवा शेजारीण आली तर आपणहून सांगू लागल्या, "ही शेगडीमागची. हिच्यावर सांडशी आपटली होती, टवका उडालाय बघा." त्यांचा चहा त्याच टाइलवर. बाकीच्या पाच आम्हाला.