डाव्या दंडावरील व्रण

आमच्या वर्गांतील बहुतेक सर्वांच्या डाव्या दंडावर मसुरीच्या दाण्याएवढा एक व्रण आहे. तो कोठून आला, हें मीं गतवर्षापर्यंत कोणास विचारलें नव्हतें. माझ्या ताईच्या बाळंतपणांत तो प्रश्न मला पडला. त्याचें उत्तर शोधतां शोधतां जें हातीं आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमचें घर वैनगंगेच्या कांठीं, आरमोरीजवळच्या एका खेड्यांत आहे. आजी तरुणपणीं रोवणीस जाई, रानांत मोहफुलें वेची. एके दिवशीं चुलींतील निखारा तिच्या हातावर पडला. कातडी भाजली, तरी तिला कळलें नाहीं! तेथें बरेच दिवसांपासून एक फिकट चट्टा होता. त्याकडे कोणीं लक्ष दिलें नव्हतें. तो कुष्ठरोग होता. पुढें सरकारी दवाखान्यांतील औषधांनीं ती पूर्ण बरी झाली. मात्र उपचारास विलंब झाल्यामुळें दोन बोटें वांकडीं राहिलीं. त्याहून दुःखाची गोष्ट अशी कीं, त्यानंतर तिनें कोणतेंहि तान्हें मूल मांडीवर घेतलें नाहीं. मलाहि नाहीं.

गतवर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत ताईस मुलगा झाला. दवाखान्यांतील परिचारिकेनें त्याच्या डाव्या दंडांत बी. सी. जी. लस टोचली. ताईनें भीत भीत विचारलें, "ह्या लसीनें आमच्या आजीचा रोग बाळास होणार नाहीं ना?" "ही क्षयाची लस आहे, बाई," एवढेंच उत्तर मिळालें. ताई गप्प बसली. पण मला चैन पडेना. शाळा उघडतांच मीं विज्ञानाच्या गुरुजींस गांठलें.

गुरुजी म्हणाले, "उत्तर खरें आहे, पण अर्धें आहे." मग त्यांनीं सांगितलें तें असें: काल्मेत व गेरँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं गाईंच्या क्षयाचा जंतु तेरा वर्षें खपून निर्बल केला, व १९२१ सालीं ही लस प्रथम एका बालकास दिली. हेतु एकच, क्षयापासून रक्षण. परंतु हान्सेननें १८७३ सालीं शोधलेला कुष्ठाचा जंतु व कॉखनें १८८२ सालीं शोधलेला क्षयाचा जंतु हे एकाच कुळांतील चुलतभाऊ होत. एका चोराचा चेहरा ओळखणारा पहारेकरी त्याच्या भावासहि पुष्कळदां ओळखतो. तसेंच शरीराचें होतें.

मद्रासजवळील चिंगलपट जिल्ह्यांत १९६८ सालापासून ह्या लसीची फार मोठी परीक्षा झाली. आश्चर्य असें कीं, प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तेथें तिचा उपयोग दिसला नाहीं! (लहान मुलांस मेंदूच्या क्षयापासून मात्र ती चांगली वांचविते, म्हणूनच ती जन्मतां टोचतात.) पुढें १९९८ सालीं दक्षिण भारतांतीलच एका परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: बी. सी. जी.नें कुष्ठरोगाचें प्रमाण सुमारें ३४ टक्क्यांनीं घटलें.

मी हर्षानें म्हणालों, "मग ही लस सर्वच रोगांवर चालेल!"

गुरुजी हंसले. कित्येक शास्त्रज्ञांसहि तशी आशा वाटली होती. आफ्रिकेंतील गिनी-बिसाऊ देशांत कमी वजनाच्या अर्भकांस ती लवकर दिली असतां पहिल्या महिन्यांतील मृत्यु कमी झाल्याचें आढळलें. परंतु करोनाच्या सांथींत परदेशच्या आरोग्यसेवकांवर तिची परीक्षा झाली, तिच्या २०२३ सालच्या निष्कर्षांत त्या रोगापासून रक्षण दिसलें नाहीं. "चुलतभावास ओळखणें निराळें आणि साऱ्या जगास ओळखणें निराळें," गुरुजी म्हणाले. "आशा धरावी, पण बोलावें तें परीक्षा पाहून."

"म्हणजे आजीनें बाळास घ्यावें कीं नाहीं?" मीं विचारलें.

गुरुजी क्षणभर थांबले. "चौतीस टक्के म्हणजे कांहीं अभेद्य चिलखत नव्हे. पण बाळास आजीपासून भय नाहीं, तें लसीमुळें नव्हे. तिनें औषधें पूर्ण घेतलीं म्हणून. बऱ्या झालेल्या माणसापासून हा रोग पसरत नाहीं."

मी सुन्न झालों. आजी तर माझ्या जन्मापूर्वींच बरी झाली होती! म्हणजे मीहि तिच्या मांडीवर वाढूं शकलों असतों.

दिवाळीस घरीं जाऊन मीं हें सर्व सांगितलें. ताईनें बाळ आजीपुढें धरलें. "नको ग, माझे हात असे," म्हणून ती मागें सरली. ताईनें ऐकलें नाहीं. शेवटीं आजीनें बाळ घेतलें, व वांकड्या बोटांनीं त्याच्या दंडावरील तो लहानसा व्रण कितीतरी वेळ चांचपीत बसली.

बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन केली ती आपल्याच वरोऱ्यास; तरीहि चंद्रपूर-गडचिरोलींतून हा रोग अद्याप गेलेला नाहीं. बंधुभगिनींनो, अंगावर बधिर चट्टा दिसल्यास लपवूं नका. सरकारी दवाखान्यांत औषध विनामूल्य मिळतें. आणि घरीं कोणी बरें झालेलें असेल, तर त्याच्या मांडीवरून मूल उचलून घेऊं नका.