उत्तर समुद्राची दैनंदिनी, भाग 3: नारळ चालतो, तूप नाही

शुक्रवार, 8 ऑगस्ट 2025. लोस्टॉफ्ट

आज नारळी पौर्णिमा. आमच्या वेंगुर्ल्याकडे आज समुद्राला नारळ जाईल. इकडे इंग्लंडच्या पूर्व टोकाला मी सकाळपासून होडीतला ओटा रिकामा करत बसले आहे. उद्या हॉलंडच्या किनाऱ्याकडे शीड उभारायचं, त्याआधी डबा न् डबा उघडून बघायचा आहे.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून इथून निघालेली प्रत्येक होडी हॉलंडच्या लेखी परदेशातून आलेली असते. मांस आणि दूधदुभतं बाहेरून आणायला तिकडे बंदी आहे. 2021च्या जानेवारीत हुक व्हान होलंडला फेरीबोटीतून उतरलेल्या ट्रकवाल्यांची हॅम सँडविचेससुद्धा काढून घेतली होती, बातम्यांत सगळ्यांनी पाहिलं. त्यामुळे तुपाची बरणी, चीज, दुधाचा डबा आणि दादाचे आवडते पेढे शेजारच्या होडीवरच्या आजीबाईंना देऊन टाकले. फळं-भाज्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. म्हणजे लिंबं, मिरच्या आणि कढीपत्ताही गेला. या दाखल्यातून सुटलेली फळं पाचच: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. मासळीला वीस किलोपर्यंत मुभा आहे, सुक्या मासळीलाही. भाच्याला यादी वाचून दाखवली तर तो म्हणाला, "मावशी, म्हणजे सुके बोंबील चालतात!" चालतात. बोंबील, सुकट, केळी आणि दोन नारळ एवढा शिधा ठरला. तांदूळ, डाळ, मसाले आहेतच.

मग कागद. होडीच्या नोंदणीचा दाखला, विमा, होडीवर व्हॅट भरल्याची पावती, रेडिओचे दोन्ही परवाने (एक होडीचा, एक माझा), होडी चालवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, आणि तिघांची नावं, जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक लिहिलेल्या यादीच्या चार प्रती. सगळं अस्सल न्यावं, झेरॉक्सवर भागत नाही. माझा आणि दादाचा पासपोर्ट ब्रिटिश, आम्हाला व्हिसा लागत नाही, पण 180 दिवसांत 90पेक्षा जास्त दिवस राहता येत नाही. भाचा पुण्याहून शिकायला आलेला, त्याचा पासपोर्ट भारतीय. त्याला शेंगेन व्हिसा आधी काढावाच लागतो. फी 90 युरो, आणि भेटीची वेळ मिळायलाच कितीतरी आठवडे जातात. स्वतःच्या होडीने निघालात म्हणून यातून सुटका नाही. आपल्या मंडळींना मला हे मुद्दाम सांगायचं आहे, कारण "होडीने जातोय, कोण विचारतंय" असं मी दोनदा ऐकलं आहे.

ब्रिटन सोडत असल्याची वर्दी ब्रिटिश सरकारला ऑनलाइन द्यायची असते, निघण्याच्या किमान दोन तास आधी, पण चोवीस तासांपेक्षा आधी नाही. संध्याकाळी ती भरली. धक्क्याच्या टोकाला जाऊन एक नारळ समुद्राला दिला.

शनिवार, 9 ऑगस्ट. समुद्रात

दुपारी दोनला निघालो. 110 सागरी मैलांच्या आसपास. नैर्ऋत्येचा वारा, बरा. रात्री मोठ्या जहाजांचे मार्ग ओलांडले. ते काटकोनातच ओलांडायचे असतात, तिरकं जायचं नाही. पौर्णिमेच्या चांदण्यात पवनचक्क्यांची रांग लांबून दिसत राहिली. भाच्याला पहाटेपर्यंत ओकाऱ्या झाल्या, सुंठ-साखरेने थोडा उतार पडला.

रविवार, 10 ऑगस्ट. एयमाउडन

डच हद्दीत शिरल्यावर डोलकाठीच्या उजव्या दोरीवर पिवळा झेंडा चढवला, त्याच्या वर तांबडा-पांढरा-निळा डच झेंडा. पिवळ्याचा अर्थ: आम्ही बाहेरून आलो आहोत, आमची तपासणी व्हायची आहे.

हॉलंडमध्ये वाटेल त्या बंदरात पहिलं पाऊल टाकता येत नाही. सरहद्दीची तपासणी जिथे होते तिथेच यायचं. व्लिसिंगन, स्खेव्हेनिंगन, एयमाउडन, डेन हेल्डर ही त्यांतली आपल्या कामाची. एयमाउडनच्या मोठ्या धक्क्यांच्या आत वळून यॉटच्या बंदरात होडी बांधली, घड्याळ तासभर पुढे केलं आणि आधी हावनमेस्टरच्या, म्हणजे बंदरमास्तराच्या, कचेरीत गेले. त्यानेच सीमेच्या पोलिसांना फोन लावून दिला. यांना मारेशॉसे म्हणतात. कस्टमवाले वेगळे, ते डाउआने. ही दोन खाती आहेत. एकाने शिक्का मारला म्हणजे दुसऱ्याचं काम झालं असं होत नाही.

इथे मला जे जाणवलं ते लिहून ठेवते. धक्क्यावर कोणी वाट अडवून उभं नव्हतं. होडी बांधून सरळ वाळूवर फिरायला गेलो असतो तरी त्या क्षणी कोणी हटकलं नसतं. आणि तिथेच लोक फसतात. शिक्क्याशिवाय आत शिरलेला माणूस पंधरा दिवसांनी बाहेर पडताना सापडतो, आणि आपण कधी आलो हे त्याला सिद्ध करता येत नाही. या किनाऱ्यावर विचारायला कोणी येत नाही, म्हणून आपणच जाऊन सांगायचं.

शिक्का मी जवळून पाहिला. एका कोपऱ्यात चांदण्यांच्या कड्यात एन-एल ही अक्षरं, मध्ये तारीख, आत शिरणारा बाण, आणि वरच्या बाजूला एवढंसं जहाज. विमानाने येणाऱ्यांच्या शिक्क्यात तिथे विमान असतं. भाच्याने ते जहाज अंगठ्याने चोळून बघितलं. अधिकारीबाईंनी त्याचा व्हिसा दोनदा वाचला, इंग्लंडमधल्या शिक्षणाचा पुरावा मागितला, आणि "बोटीतून आलेला पहिलाच भारतीय विद्यार्थी मी बघते आहे," म्हणाल्या. त्याचा चेहरा खुलला, रात्रीचं दुखणं विसरला.

(हा भाग छापायला देईपर्यंत एक बदल झाला आहे. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन देशांत टप्प्याटप्प्याने संगणकी नोंद सुरू झाली: बोटांचे ठसे आणि फोटो. शिक्क्याची जागा ती घेते. नियम मात्र तेच, 180तले 90.)

कस्टमचं थोडक्यात. माणशी चार लिटर वाइन, सोळा लिटर बिअर, कडक दारू एक लिटर, सिगारेटी 200. बाकी वस्तूंबाबत पुष्कळांची समजूत चुकते: विमानाने किंवा फेरीने येणाऱ्याला 430 युरोंपर्यंत सूट, पण स्वतःच्या होडीने येणाऱ्याला फक्त 300. दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोकड जवळ असेल तर आधी लेखी कळवायची. आणि होडी स्वतःच एक वस्तू आहे हे विसरू नये. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या मालकाची होडी 18 महिने कर न भरता ठेवता येते. मुदत ओलांडली की 21 टक्के व्हॅट होडीच्या किमतीवर लागू शकतो. आल्याची तारीख दाखवायला बंदराची पहिली पावती जपून ठेवावी. मी ती निळ्या फाइलीत लावली.

पिवळा झेंडा उतरवला. नारळाची चटणी, बोंबलाचं कालवण, भात.

सोमवार, 11 ऑगस्ट. आम्स्टरडॅम

एयमाउडनच्या जलपाशातून आत आलो. शेजारी 2022 साली सुरू झालेलं प्रचंड नवं जलपाश आहे, 500 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद. आमच्यासारख्यांना धाकट्या जलपाशातून सोडतात. मग कालव्याने आम्स्टरडॅम, आणि स्टेशनच्या समोरच्या काठावर सिक्सहावनमध्ये जागा. तिथे लवकर पोचावं, दुपारनंतर भरून जातं. डच बंदरांत कुठे बांधायचं हे पाटीवरून कळतं: हिरवी पाटी म्हणजे त्या जागेचा मालक बाहेरगावी, खुशाल बांधा. तांबडी म्हणजे तो आज परत येणार.

भाडं होडीच्या लांबीवर. त्यावर माणशी, दर रात्रीचा पर्यटक कर वेगळा. पाटीवरचा दर पाहून हिशेब केला तर पावती जास्त येते ती यामुळे. किती माणसं आहेत ते खरं सांगावं.

पैशाचं आज नीट समजलं. दुकानांच्या दारावर दोन शब्द वारंवार दिसतात: "आलेन पिनन", फक्त कार्ड. दादा पन्नासच्या नोटांची गड्डी घेऊन आलेला. पावाच्या दुकानात, कॉफीच्या टपरीवर, दोन्हीकडे नम्रपणे नकार मिळाला. शंभराची नोट कित्येक ठिकाणी घेत नाहीत, दोनशे-पाचशेची तर आणूच नये. निरनिराळ्या कंपन्यांची दोन कार्डं जवळ असावीत, कारण एखादं यंत्र क्रेडिट कार्ड नाकारतं आणि डेबिट घेतं. रोकड लागलीच तर खेल्टमाट नावाची पिवळी यंत्रं बघावीत, ती इथल्या बड्या बँकांनी मिळून चालवलेली आहेत. यंत्र विचारेल, पैसे पौंडात कापू की युरोत? नेहमी युरो म्हणावं. पौंड किंवा रुपये म्हटलं की भाव यंत्रवाला ठरवतो आणि त्यात आपलं नुकसान असतं.

रोखीने दिलं तर बिल जवळच्या पाच सेंटवर आणतात. ही पद्धत 2004 पासूनची. 12.42 झाले तर 12.40 द्यायचे. कार्डावर मात्र सेंट न् सेंट जातो.

आणि स्टाटीखेल्ट. लहान प्लास्टिकच्या बाटलीवर 15 सेंट, मोठीवर 25, डब्यावर 15 अनामत आधीच किमतीत धरलेली असते. होडीवर पाणी आणि शीतपेयं पुष्कळ लागतात, आठवड्याचे रिकामे डबे-बाटल्या म्हणजे बऱ्यापैकी पैसे. त्या चेपायच्या नाहीत, पट्टीवरचा कोड यंत्राला वाचता आला पाहिजे. भाच्याने सुपरमार्केटातल्या भोकात एकेक बाटली सरकवली, चिठ्ठी आली, ती गल्ल्यावर देऊन पाव आणला.

स्टेशनच्या मागच्या पाण्यावरून पलीकडे नेणारी फेरी फुकट आहे. तिकीट शोधत फिरू नये.

मंगळवार, 12 ऑगस्ट. एन्कहाउझन

सकाळी ओरान्येच्या जलपाशातून मार्करमेर. दिवसभर उथळ, करडं पाणी.

संध्याकाळी धक्क्यावरून डाउआनेचे दोघे चालत आले आणि डिझेलच्या पावत्या मागितल्या. इंग्लंडात होडीसाठी तांबडा रंग घातलेलं डिझेल मिळतं, इकडे मौजेच्या होडीत ते चालत नाही. टाकीत त्याचा अंश राहिला तर दंडाची पाळी येते. आम्ही निघण्याआधी दोन टाक्या जाळून पांढरं भरलं होतं, पावत्या तारखेवार लावलेल्या. त्यांनी त्या वाचल्या, "छान ठेवल्यात," म्हणाले आणि पुढच्या होडीकडे गेले. सुट्या कॅनमध्ये तर तांबडं अजिबात आणू नये.

बुधवार, 13 ऑगस्ट. फ्रीसलंड

स्टाव्होरनहून आत कालव्यात शिरलो. उघडणाऱ्या पुलावर माणूस उभा होता, हातात गळाची काठी. दोऱ्याच्या टोकाला पिवळा लाकडी बूट. पूल वर उठला, होडी सरकू लागली आणि तो बूट झोके घेत माझ्या छातीसमोर आला. हा पुलाचा कर. होडी थांबत नाही, पूल मागे सरकत असतो, आणि तेवढ्या चार-पाच सेकंदांत नाणी बुटात टाकायची. बुटाचं लाकूड आतून गुळगुळीत झालेलं, टाचेशी तळाला नाण्यांनी खड्डा पाडलेला. माझी नाणी पडल्याचा आवाज ऐकून त्याने टोपीला हात लावला आणि दोरा वर ओढून घेतला. पुष्कळ पूल आता फुकट झाले, काही ठिकाणी कार्ड चालतं, पण फ्रीसलंडात जाणाऱ्याने सुट्या नाण्यांची वाटी सुकाणूपाशी ठेवावी. कार्डाच्या या देशात तेवढ्यासाठी रोकड हवी.

गुरुवार, 14 ऑगस्ट. टेसल बेट

डेन उव्हरच्या जलपाशातून आफ्स्लाउटडायकपलीकडे, पुन्हा खाऱ्या पाण्यात. 1932 साली पुरा झालेला हा 32 किलोमीटरचा बांध. आउडेस्खिल्ड बंदरात संध्याकाळी.

शुक्रवार, 15 ऑगस्ट. आउडेस्खिल्ड

सकाळी तिघांनी होडीतच जन गण मन म्हटलं. मग चालत विहिरी बघायला.

1602 साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची पूर्वेकडे जाणारी जहाजं या बेटाच्या आडोशाला नांगर टाकून वाऱ्याची वाट बघत, कधी कधी आठवडे न् आठवडे. इथल्या काही विहिरींच्या पाण्यात लोह जास्त, त्यामुळे ते पिपांत लवकर खराब होत नसे. जहाजं ते पाणी विकत घेत आणि पैसा डेन बुर्खच्या अनाथाश्रमाला जाई. म्हणून त्यांना पोरक्यांच्या विहिरी म्हणतात.

मी कठड्याला हात लावून उभी राहिले. याच कंपनीने 1637 साली विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीने वेंगुर्ल्यात वखार घातली. तिच्या पडक्या भिंतींजवळून मी शाळेला जात असे. लहानपणी वाटायचं, ही माणसं आली कुठून? ती इथून आली, इथलं पाणी विकत घेऊन आली. दादाही काही बोलला नाही. त्याने फक्त खिशातली सगळी चिल्लर काढून भाच्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "बेटावर एखादी दानपेटी दिसते का बघ."

शनिवार, 16 ऑगस्ट. डेन हेल्डर

खाडी ओलांडून पलीकडे तासाभराचं अंतर. येताना शिक्का घेतला तसाच जाताना घ्यावा लागतो, आणि तोही तपासणीच्या बंदरातच. घाईत थेट इंग्लंडला निघालेल्यांची नोंद उघडी राहते आणि पुढच्या वेळी मुदत उलटल्यासारखी दिसते. मारेशॉसेना काल फोन करून वेळ सांगून ठेवली होती. ब्रिटनची परतीची वर्दी सकाळी भरली.

अधिकाऱ्याने दहा ते सोळा बोटांवर मोजले. आल्याचा आणि गेल्याचा, दोन्ही दिवस धरतात. "सात," तो म्हणाला. "त्र्याऐंशी उरले." भाच्याच्या पानावर पहिल्या शिक्क्याशेजारी दुसरा उमटला. जहाज तेवढंच, बाण या वेळी बाहेर जाणारा.

दुपारी तीनची ओहोटी धरून निघालो.

(क्रमशः)