आधी कान

मोताळा तालुक्यातल्या आमच्या अंगणवाडीत मी वजन, उंची, लसी नेमानं लिहायची. लेकरू बोलत नाही म्हणून आई आली, तर घरची म्हातारी सांगायची, ‘त्याचा बापही चवथ्या वर्षी बोलला.’ मीही मान डोलवायची. फार तर मागून थाळी वाजवायची. लेकरू वळलं की सगळे निश्चिंत.

२०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला आणि डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा तपासायला येऊ लागलं. त्यातल्या एका डॉक्टर मॅडमचं देणं माझ्याकडे आहे. दीड वर्षाच्या एका मुलीसाठी मी थाळी उचलली, तर त्यांनी हात धरला. थाळीच्या दणक्याला कमी ऐकणारं लेकरूही वळतं, शिवाय सावली हलते, फरशी हादरते. मग मॅडम मुलीच्या मागे बसल्या आणि हळूच ‘स्स, स्स’ केलं. समोर आईच्या हातात खुळखुळा होता. मुलीची नजर त्याच्यावरून हलली नाही.

‘पण तान्ही असताना हुंकार द्यायची ना!’ आई म्हणाली. तेव्हा कळलं, ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीचे महिने हुंकारतात. ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू व्हायची वेळ आली की ती मागे पडतात.

कानाच्या तपासणीसाठी मुलीला बुलढाण्याला न्यायचं ठरलं, मी सोबत गेले. झोपलेल्या मुलीच्या कानात मऊ बोंडी बसवली. यंत्र बारीक टिकटिक सोडतं आणि चांगला कान आतून स्वतःचा क्षीण आवाज परत पाठवतो. लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये हे दाखवलं, म्हणून आज एका दिवसाच्या बाळाचाही कान तपासता येतो. या मुलीच्या कानातून काही आलं नाही. पुढे बेरा नावाची ऐकण्याची तपासणी झाली, मग श्रवणयंत्र मिळालं.

मी विचारत गेले, मॅडम सांगत गेल्या. कॅनडात जॅनेट वर्कर यांनी हिंदीतला, म्हणजे आपलाही, ‘त’ आणि ‘ट’ इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवला. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळे, वर्षाची होईतो बहुतेकांना कळेनासा होई. कान पहिल्याच वर्षी घरची भाषा धरतो. कोलोरॅडोत क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की बहिरेपण सहा महिन्यांच्या आत सापडून लगेच मदत मिळालेली मुलं भाषेत उशिरा सापडलेल्यांच्या पुढे असतात. चवथ्या वर्षाची वाट पाहणं किती महाग पडतं, ते मला तिथं उमगलं.

मुलीला बोलती केली ती आईनं. भाकरी थापताना ‘पीठ घेतलं, पाणी टाकलं, थाप थाप’ असं दिवसभर चालायचं. उन्हाळ्यात घामानं कानातला साचा सैल होऊन यंत्र शिट्टी मारायचं. पदरानं कान पुसून ती तो पुन्हा बसवायची. मला तिच्याइतका धीर नसता.

मॅडमची पुढे बदली झाली. आता नवव्या महिन्याच्या लशीला कुणी आली की मी विचारते, ‘काओ माय, लेकरू बाबाबा करते काय?’ नाही म्हणाली, तर पथकाची वाट न बघता बुलढाण्याची चिठ्ठी देते.