धोबी तलाव, आवाज दोनवर

धोबी तलावाला तलाव नाही आणि धोबीही नाहीत, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. मग आहे काय? 1938 सालचा मेट्रो सिनेमा, ज्याचं केव्हाच मल्टिप्लेक्स झालं. 1904 पासून चहा पाजणारं कयानी. बॅटी, पॅड आणि चकचकीत ट्रॉफ्या मांडलेली खेळाच्या सामानाची दुकानं. आणि तो म्हातारा जेर महाल. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मुंबईकराची पावलं आयुष्यात एकदा तरी इकडे वळतातच.

माझी वळली ती अॅम्पसाठी. बजेट वीस हजार, वर एक रुपया नाही. फ्रीलान्सरचे वीस हजार म्हणजे काय ते फ्रीलान्सरलाच विचारा... अर्धे चेक अजून 'प्रोसेसमध्ये'! त्यात मला वाजवायला वेळ मिळतो तो रात्री साडेदहानंतर, आणि बोरिवलीतल्या माझ्या भाड्याच्या वन रूम किचनची भिंत एवढी पातळ, की शेजारच्या काकांनी कूस बदलली तरी कळतं. सोसायटीने दोनदा तोंडी समज दिलेली. तिसरी मिळाली तर अॅग्रीमेंट रिन्यू होणार नाही, हे घरमालकाने अगदी गोड आवाजात सांगून ठेवलेलं. म्हणजे एक तर ह्या घरात खपेल असा अॅम्प, नाहीतर गिटार विकायला काढायची.

ह्या कामासाठी धोबी तलावच का? ऑनलाइनवर तर दोन हजार रिव्ह्यू आहेत. पण बॉस, रिव्ह्यू ऐकू येत नाही! शिवाय ह्या नाक्याचं आणि वाद्यांचं नातं जुनं आहे. गोव्याहून बोटीवरची नोकरी शोधायला आलेली माणसं जेर महालातल्या आपापल्या गावाच्या 'कूड'मध्ये उतरायची. पत्र्याची ट्रंक, स्वस्तातली खाट, संध्याकाळची प्रार्थना. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले किती तरी गोवेकर मुंबईत बँडमध्ये आणि मग स्टुडिओत शिरले. सॅबेस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही नावं हिंदी सिनेसंगीताच्या पडद्यामागची. त्याच जेर महालात फुर्टाडोज आहे, 1865 साली सुरू झालेलं. पियानोपासून गिटारच्या तारेपर्यंत सगळं. वांद्रे-खारकडेही मस्त दुकानं आहेत, एसी जास्त गार आहे. पण तिथे गिटार खरेदी केल्यासारखी वाटते. इथे ती शिकायला आल्यासारखी वाटते.

आता हा मॉडेलिंगचा फंडा काय ते सांगते. आजोबांच्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह जुन्या गिटार अॅम्पमध्ये असतात. त्यांना दमवलं की आवाज फाटतो, आणि तो फाटका आवाज म्हणजेच रॉक! गोची ही, की व्हॉल्व्ह दमवायचे तर आवाज वाढवावा लागतो. शंभर वॅटचा मार्शल बोरिवलीत दमवायचा म्हटला, तर आधी आम्ही दमणार आणि मग पोलीस येणार. मॉडेलिंग अॅम्पमध्ये ही दमछाक एक चिप गणिताने उभी करते. फेंडर, व्हॉक्स, मार्शल, सगळ्यांची नक्कल एकाच डब्यात आणि हव्या तेवढ्या हळू आवाजात. लाइन 6 कंपनीने 1996 साली 'अॅक्सिस 212' काढला, 1998 मध्ये घेवड्याच्या बीसारखा दिसणारा लाल 'पॉड' आला. तेव्हा ही श्रीमंतांची चैन होती. आता नवशिक्याच्या अॅम्पमध्येही तीच करामत असते.

दुकानात शिरलात की सेल्समन पहिल्यांदा काय करेल? सगळ्यात मोठ्ठा मेटल प्रीसेट लावेल आणि आवाज सहावर नेईल. त्या आवाजात सगळेच अॅम्प झक्कास वाटतात. मी शांतपणे नॉब दोनवर आणला. तो हसला. "मॅडम, दोनवर काय कळणार?" अहो, मला दोनवरच जगायचंय!

तीन अॅम्प वाजवून बघितले, स्वतःच्या गिटारवर. हे महत्त्वाचं. दुकानातली महागडी गिटार लावलीत तर तुम्ही त्या गिटारच्या प्रेमात पडाल. आधी इफेक्ट सगळे बंद, साधा क्लीन आवाज. एक जाड तार, एक पूर्ण कॉर्ड. मग थोडं डिस्टॉर्शन लावून गिटारवरचा व्हॉल्यूम अर्ध्यावर. चांगलं मॉडेल असेल तर आवाज नुसता लहान होत नाही, स्वच्छ होत जातो, अगदी व्हॉल्व्हसारखा. वाईट असेल तर डब्यात कोंडलेल्या माशीसारखा घोंगावतो.

दोन छोट्या स्पीकरचा ब्लॅकस्टार आयडी कोअर 10 गोड निघाला. पसरट स्टिरिओ आवाज, टेबलावर मावणारा, गाणी ऐकायलाही छान. पण स्पीकर जेमतेम तीन इंची, जाड तार वाजवली की धाप लागल्यासारखा वाटतो. बॉसचा कटाना 50 मात्र... आई शप्पथ! बारा इंची स्पीकर, आणि पॉवर अर्ध्या वॅटवर आणायची सोय. दोनवरसुद्धा भरलेला आवाज. बँडमध्ये वाजवणार असाल तर पैसे साठवा आणि डोळे मिटून हाच घ्या. माझ्या वीस हजारांत तो बसत नव्हता, आणि साडेअकरा किलोंच्या आसपासचं ते धूड लोकलमध्ये चढवायचं कुणी? तिसरा, 2019 साली आलेला फेंडर मस्टँग एलटी 25. आठ इंची स्पीकर, वजन सात किलो, बजेटच्या आत. त्यातले तीस प्रीसेट म्हणजे थाळीतल्या वाट्या, निम्म्यांना आपण हातही लावत नाही. पण फेंडरची नक्कल करणारा त्याचा क्लीन आवाज दोनवरही टिकला, डिस्टॉर्शन बऱ्यापैकी, आणि सगळं पुढच्या छोट्या स्क्रीनवर आणि नॉबवर. हाच घेतला.

नॉबचं एवढं कौतुक का? कारण हल्लीचे कितीतरी छोटे अॅम्प मोबाइल अॅपवर चालतात. सुविधा जबरदस्त, मान्य. पण मी गिटार हातात घेते ती फोन बाजूला ठेवता यावा म्हणून. आणि पाच वर्षांनी ते अॅप नव्या फोनवर चालेल का, ह्याची गॅरंटी कोण देणार?

वॅटच्या आकड्याला तर अजिबात भुलू नका. पंचवीसचे पन्नास वॅट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त 3 डेसिबलने वाढतो. त्यापेक्षा दुसरा आकडा लक्षात ठेवा. आपल्याकडच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सहा मर्यादा आहे 45 डेसिबलची. साध्या गप्पाच साधारण 60 च्या घरात जातात! म्हणून हेडफोनचं भोक आहे ना, ते आधी तपासा. तिथे पिन घुसवली की स्पीकर गप्प. पंधरा दिवसांनी शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या. "हल्ली वाजवत नाहीस का गं? बरं नाहीये का?" मी रोज दीड तास वाजवत होते.

न्यू जर्सीच्या भावाकडून मागवायचा विचार असेल, तर एक सांगते. तिकडची वीज 120 व्होल्ट, आपली 230. तिकडचा अॅम्प इथे थेट लावलात तर धूर निघू शकतो, आणि ट्रान्सफॉर्मर घेतलात तर वाचवलेल्या पैशांतले बरेच त्यातच जातात. वेगळ्या अडॅप्टरवर चालणाऱ्या लहान अॅम्पच्या अडॅप्टरवर 100 ते 240 लिहिलेलं असेल तर बिनधास्त मागवा.

जायचं कसं? वेस्टर्नवाल्यांना मरीन लाइन्स, उतरून चालत. 2025 पासून काळबादेवीला भुयारी मेट्रोही आहे. दुपारी जा, दुकान रिकामं असतं आणि दोनवरचा आवाज ऐकू येतो. खरेदीनंतर कयानीत मावा केक, हे सांगायला नको. फक्त साडेपाचच्या आत निघा. मी सहाची बोरिवली स्लो पकडली, लेडीज डब्यात, खोकं मांडीवर. समोरच्या बाईंनी विचारलं, "मायक्रोवेव्ह कितीला पडला?"